अकरा बंद भोकं

मित्रांनो, मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची तबकडी आहे. मोठ्या परातीएवढी रुंद आणि अंगाला सहाशे चाळीस भोकं. कारखान्यातला कारागीर मला चाळण म्हणायचा. म्हणू दे बापडा. पण माझं एकेक भोक आकाशातल्या एकेका दीर्घिकेसमोर, म्हणजे ताऱ्यांच्या एकेका गावासमोर नेमकं येईल असं त्यानंच पाडलं होतं.

वेधशाळेत कामाला असलेल्या मावशी माझ्या भोकांत काचेचे बारीक तंतू हातानं खोवायच्या. मग मला दुर्बिणीला लावलं की ज्या त्या दीर्घिकेचा प्रकाश ज्या त्या तंतूत उतरायचा आणि ती किती लांब आहे ते कळायचं. माझ्या अकरा भोकांत धातूची कुसळं राहिली होती. तंतू तुटू नयेत म्हणून मावशींनी त्यांवर निळी चिकटपट्टी लावली आणि तसं वहीत लिहिलं. ती नोंद संगणकात चढवायची मात्र राहून गेली. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

एकदाच वापरून मला मांडणीवर टाकलं. सात वर्षं धूळ खात पडले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी मला भंगारात न्यायला गाडी आली, आणि पाठोपाठ संशोधक ताई धापा टाकत आल्या. माझ्यासारख्या तबकड्यांच्या मोजणीवरून विश्वाचा नकाशा करताना त्यांना एक प्रचंड पोकळी, म्हणजे एकही दीर्घिका नसलेली जागा, सापडली होती. ती खरी ठरली, तर विश्वाची जुनी गणितं नव्यानं मांडावी लागणार होती. सात वर्षं त्यांनी याच कामात घातली होती. त्यावरचा शोधनिबंध दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता.

"हिला माझ्या खोलीत लावणार, मावशी. माझी पोकळी हिच्याच वाट्याच्या आकाशात आहे," म्हणत त्यांनी मला फडक्यानं पुसलं. निळी पट्टी दिसली तसा त्यांचा हात थांबला. "ही कसली?"

"कुसळं होती तिथे. वहीत लिहिलंय की मी."

ताईंनी बोट ठेवून भोकं मोजली. पुन्हा मोजली. नकाशातली पोकळी नेमकी तिथेच होती. "म्हणजे तिथे दीर्घिका होत्या. फक्त त्यांचा प्रकाश तंतूत उतरलाच नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही मावशी. तुम्ही बरोबरच केलंत. मीच वही बघायला आले नाही."

डोळे पुसून त्यांनी तिथूनच फोन लावला आणि निबंध मागे घेतला.

आता मी त्यांच्या खोलीत भिंतीवर आहे, पट्टीसकट. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरची धूळ पुसून बघा, आणि ती ज्यांच्या हाताखालून गेली त्यांना विचारा. मला बोलता येत नव्हतं. मावशींना येत होतं, पण सात वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नाही.