माणसं नसतानाचा समुद्र

इंदुमतीबाईंना दिल्लीजवळच्या वैशालीतल्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन अजून वर्षही झालं नव्हतं, आणि एवढ्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. यजमान संपतराव रिटायर झाले आणि आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं. तिथे निदान नळाला पाणी होतं. इथे बिल्डरने जाहिरातीत स्विमिंग पूल दाखवला होता, आणि प्यायच्या पाण्याला टँकर! त्या टँकरचा नेम नाही, विजेचा नाही, फोन तर अजून यायचाच होता. बादल्या भरायच्या, टीव्ही लागला तर पाहायचा, नाहीतर पडून राहायचं. एवढंच आता उरलं का, असं त्यांना हल्ली रोज वाटे.

त्या दुपारी वीज होती. संपतराव जेवून घोरत होते. केबलवर शार्क माशांचा हिंदीत डब केलेला कार्यक्रम चालला होता. एरवी बाईंनी चॅनेल बदललं असतं, पण ऑस्ट्रेलियाचं नाव ऐकलं आणि हात थांबला. दोन हजार साल उजाडताच कॉम्प्युटर बंद पडतील या धास्तीपायी कॉम्प्युटरवाल्यांना परदेशात मागणी आली, तसा त्यांचा जयेशही बायकोला घेऊन सिडनीला गेला होता.

पडद्यावरची बाई शांतपणे समजावत होती. शार्क काही माणसाच्या मागावर नसतो, हल्ले फार क्वचित होतात. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला तो भक्ष्य शोधत किनाऱ्याजवळ येऊ शकतो, आणि अंधूक उजेडात त्याची गफलत होते. म्हणून त्या वेळी पाण्यात उतरू नका, एकट्याने तर नाहीच. नदीच्या मुखाशी, गढूळ पाण्यात जाऊ नका. चमकणारे दागिने काढून ठेवा. जीवरक्षक बसतात तिथेच, चारचौघांबरोबर पोहा.

इंदुमतीबाई ताडकन उठून बसल्या.

त्यांची सून शिवांजली पोहायची. सांगलीची, कृष्णेच्या पाण्यात वाढलेली पोरगी. ती सिडनीला पोचल्यावर बाईंनी बूथवरून केलेल्या पहिल्याच फोनवर तिने विचारलं होतं, "आई, इथे सगळ्या बायका समुद्रात पोहतात. मी जाऊ?" बाईंनी आधी कपड्यांची चौकशी केली आणि मग निकाल दिला. जा, पण दिवेलागणीला, किनाऱ्यावर माणसं नसतील तेव्हा. एका बाजूला, आणि सलवार-कमीज घालून. आपण केवढ्या पुढारलेल्या सासू, म्हणून त्यांनी त्या दिवशी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. शेजारणींना सांगूनही झालं होतं.

इथली दुपार म्हणजे तिथली संध्याकाळ. संपतरावांना उठवावं तर आधी त्यांच्या शंकांना उत्तरं द्या. बाईंनी पायांत चपला अडकवल्या आणि एसटीडी बूथ गाठायला निघाल्या. गेटपाशी टँकर येत होता. "आंटीजी, पानी आ गया!" कोणीतरी ओरडलं. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

फोन जयेशने उचलला.

"शिवांजली कुठाय?"

"बीचवर गेलीये. रोजचंच आहे. का गं?"

"एकटी?"

"मग काय! तूच म्हणालीस ना, कोणी नसताना जा म्हणून."

"मी म्हणाले. पण तिथे तू राहतोस ना? आत्ताच्या आत्ता ऊठ आणि तिला पाण्यातून बाहेर काढ. संध्याकाळचे शार्क येतात किनाऱ्याला."

"काय यार आई, आत्ता ऑफिसातून आलोय. असं काही होत नाही. फार रेअर असतं ते."

"रेअर असतं हे मलाही माहीत आहे. तरी ऊठ."

रिसीव्हर ठेवून त्या बूथमधल्या स्टुलावर बसल्या. माशाला बोल लावून भागणार नव्हतं. पोरीला नेमक्या त्या वेळी, नेमकं एकटं, त्यांनीच पाण्यात धाडलं होतं. लोकांच्या नजरेची त्यांना एवढी काळजी होती, आणि पोरीच्या जिवाची आठवणही झाली नव्हती. स्वतःचीच शरम वाटून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

पुन्हा नंबर लावला तेव्हा घंटी नुसतीच वाजत राहिली. अर्ध्या तासाने तिसऱ्यांदा लावला.

"आई?" शिवांजलीला धाप लागली होती. "काय झालं? नाना बरे आहेत ना?" सासऱ्यांना ती नाना म्हणे.

बाईंना रडूच कोसळलं. काही वेळ नुसतं "बरे आहेत, बरे आहेत" एवढंच त्या म्हणत राहिल्या. मग सावरून म्हणाल्या, "उद्यापासून उन्हात जा. गार्ड बसतो तिथे, बाकीच्या बायकांबरोबर. आणि त्या घालतात तसलेच कपडे घाल."

"लोक बघतील, आई."

"बघू देत."



"मला रोज भीती वाटायची," शिवांजली हळूच म्हणाली. "पाणी काळं दिसायचं. पायाखाली काय आहे ते कळायचं नाही."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पोहणंच बंद केलं असतंत."

असं कसं गं, म्हणायला इंदुमतीबाईंनी तोंड उघडलं. पण पोरगी खरं बोलत होती.