दिवेताईने काढलेले फोटो

संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जा, हे तिला धाकट्या भावानेच सुचवलं. वडिलांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि आलेल्या लोकांना दालनातून फिरवून माहिती सांगायला माणसं हवी होती.

"ताई, घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं," भाऊ म्हणाला. "आणि बाबांबद्दल तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?"

जुने लोक तिला दिवेताई म्हणत. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि शाळकरी वयापासून ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर दिवा धरून उभी असायची, म्हणून. आई लवकर गेली. भाऊ शिकायला बाहेर पडला तो नोकरीत स्थिरावूनच परतला. मधल्या काळात स्टुडिओ, स्वयंपाक आणि वडील, तिन्ही तिच्याच गळ्यात पडले. लग्नाचा विषय निघायचा तो कधी निघेनासा झाला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. वडील गेल्यावर भावाने निगेटिव्ह आणि प्रिंटची सगळी खोकी संग्रहालयाला देऊन टाकली. तिला विचारलं नाही असं नाही. खोकी टेम्पोत चढत असताना विचारलं.

उद्घाटनाला ती पहिल्या रांगेत बसली. दारातच वडिलांचा माणसाएवढा फोटो लावला होता. भाऊ भाषणाला उभा राहिला. बोलायला तो पहिल्यापासून तरबेज. "बाबांनी शेवटच्या दिवसापर्यंत कॅमेरा खाली ठेवला नाही," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. हे खोटं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. दुसरी टाळ्या वाजवत होती.

वडिलांचा उजवा हात साठीच्या आतच थरथर कापायला लागला होता. आधी चहाच्या कपात कळलं, मग फोटोत. एकामागून एक फोटो हलले तेव्हा त्यांनी स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि तिला कॅमेऱ्यामागे उभं केलं. "ज्याचा हात कापतो त्याच्याकडे कोण येईल?" ते म्हणाले होते. "बाहेर कुठे बोलायचं नाही." ती बोलली नाही. वडील हात कोटाच्या खिशात घालून स्टँडशेजारी उभे राहत, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, मान जरा डावीकडे म्हणून सांगत. चौकट तिची, प्रकाश तिचा, बोट तिचं. लोकांना वाटे, बाप मुलीला शिकवतोय. काही वर्षांनी तर 'अजून शिकतेच आहे का?' म्हणून चेष्टाही होऊ लागली.

प्रदर्शनाचं पहिलं दालन वडिलांचं होतं. पूल बांधणारे मजूर, बर्फाचा कारखाना, शाळेच्या मैदानावरची कवायत. ते ती मन लावून समजावून सांगायची, कारण फोटो खरोखरच चांगले होते. दुसरं दालन सगळं तिचं. तिथे पोचलं की तिची भाषा बदलायची. फोटो 'काढला गेला', क्षण 'टिपला गेला'. कोणी, ते वाक्यातून गळायचं. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "इथून पुढे बायकांचे चेहरे एकदम मोकळे वाटतात, असं का?" दिवेताईच्या ओठांवर आलं होतं. पण भिंतीवर मोठ्या अक्षरांत तयार उत्तर होतं आणि मुलीने ते स्वतःच वाचून दाखवलं: 'वयाबरोबर कलावंताच्या नजरेत आलेला मायेचा ओलावा.'

त्या रात्री दिवेताईला जेवण गेलं नाही.

एका रविवारी निवृत्त लोकांचा गट आला. त्यात टेलिफोन खात्यातली एक जुनी ऑपरेटर होती. दुसऱ्या दालनातल्या सर्वांत मोठ्या फोटोसमोर ती थबकली, कारण फोटोत तीच होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरींच्या जंजाळासमोर, कानाला हेडफोन, मान मागे टाकून खदखदून हसताना. प्रदर्शनाच्या जाहिरातीवरही हाच फोटो होता. गटातल्या बायका तिला कोपरखळ्या मारू लागल्या.

दिवेताईला तो दिवस लख्ख आठवत होता. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून ती म्हणाली होती, "तुमच्या साहेबांना सांगा, लाइन लागत नाही." साहेबांचं अख्ख्या खात्यात कोणाशीच पटत नसे, त्यांची लाइन कुठेच लागत नसे, म्हणून ऑपरेटर हसली होती. त्याच क्षणी तिने बटण दाबलं होतं. हे जिला माहीत आहे अशी एकच व्यक्ती जगात होती आणि ती समोर उभी होती.

"हा फोटो मी काढलाय," दिवेताई म्हणाली.

ऑपरेटर बाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे निरखून पाहिलं आणि प्रेमाने तिचा हात धरला.

"अगं, तू दिवेताई ना? किती बदललीस. पण फोटो तुझ्या वडिलांनी काढला. मला चांगलं आठवतंय."

"ते बाजूला उभे होते. तुम्हाला हसवलं ते मी. साहेबांच्या लाइनीवरून."

"ते तर त्यांचंच वाक्य. काय मिश्कील माणूस होता." बाई बाकीच्यांकडे वळल्या. "मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं, एवढे मोठे फोटोग्राफर, पण कसा विनोद केला म्हणून. ही बिचारी दिवा धरून उभी होती."

"त्या दिवशी दिवा नव्हता. खिडकीचा उजेड होता."

"असेल गं," बाई म्हणाल्या, आणि ज्या सुरात हट्टी मुलाची समजूत काढतात त्या सुरात पुढे म्हणाल्या, "वडिलांची आठवण येते तेव्हा असं होतं."

गटाच्या म्होरक्याने घड्याळ पाहिलं. सगळे पुढच्या फोटोकडे सरकले. दिवेताईही सरकली आणि तो फोटो कधी काढला गेला ते सांगू लागली.

बोलणं संग्रहालयाच्या प्रमुख बाईंच्या कानावर गेलंच. त्यांनी तिला खोलीत बोलावून चहा मागवला. बाई सरळ होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग खोक्यातून प्रिंट काढून एकेक पालथा केला. प्रत्येकाच्या पाठीवर वडिलांच्या नावाचा जांभळा शिक्का होता.

"ताई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये. पण हे शिक्के कोणी मारले?"

"मीच."

"तुम्हीच?"

"प्रिंट धुऊन वाळले की पाठीवर शिक्का मारायचा, ही पद्धत होती. त्यांचा हात कापायचा. शिक्का फिसकटला असता."

बाईंनी प्रिंट पुन्हा खोक्यात ठेवले. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाशी बोलून बघते. त्यांनी दुजोरा दिला तर फलक बदलता येईल."

भाऊ संध्याकाळीच घरी आला. चप्पल काढायच्या आधी बोलायला लागला.

"ताई, तू हे काय आरंभलंयस?"

"तुला माहीत नाही का, कोणी काढले ते?"

"माहीत आहे. म्हणून काय चव्हाट्यावर मांडायचं? लोक म्हणतील म्हाताऱ्याने आयुष्यभर फसवलं. नाव घराचंच आहे ना? बाबांचं काय आणि तुझं काय."

"मग माझं लाव."

तो खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणला. "मी त्या बाईंना सांगितलंय की तू मदत करायचीस. पुष्कळ मदत. तसं त्या लिहितायत. आता उगाच ताणू नकोस."

"फोटो मी काढलेत असं का नाही सांगितलंस?"

"कारण बाबांनी मलासुद्धा कधी तसं सांगितलं नाही," भाऊ म्हणाला. "एकदा मी विचारलं होतं, हल्ली ताईच सगळं बघते का? म्हणाले, तिला दिव्यांचं बरं कळतं."

भाऊ आणखीही काही बोलत होता, तिच्या तब्येतीबद्दल, एकटेपणाबद्दल. तिला ते ऐकू येत नव्हतं. भावाचा राग तिच्या सवयीचा होता, तो पचला असता. पण वडिलांनी बंद दाराआडही, पोटच्या मुलाजवळही, तिला दिव्याशीच उभं केलं होतं. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून खोटं बोलणं तिने समजून घेतलं होतं, त्यात भागीदारी केली होती. हे खोटं कोणत्या गिऱ्हाइकासाठी होतं?

आठवडाभराने फलकाच्या तळाशी एक ओळ चिकटवली गेली: 'उत्तरार्धात कन्येचे मोलाचे सहकार्य लाभले.' दिवेताईने ती उभ्या उभ्या वाचली, गळ्यातलं ओळखपत्र काढून प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "ती ओळ काढली तरी चालेल." बाईंनी थांबवलं नाही. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

तिच्या जागी निवृत्त पोस्टमास्तर आले. प्रदर्शन लोकांना इतकं आवडलं की मुदत वाढवली. संग्रहालयाला आता वडिलांचा कॅमेरा काचेत ठेवायचा होता. भावाने फोन केला.

"तो देणार नाही," ती म्हणाली.

"अगं, तो बाबांचा आहे."

"त्यांनी विकत घेतला होता. त्यापलीकडे त्यांचा नाही."

"ताई, लोकांना काय सांगू मी?"

"सांग की तिला दिव्यांचं कळतं, कॅमेऱ्याचं नाही. म्हणून कुठे ठेवला ते आठवत नाही तिला."

भावाने फोन ठेवला. पुढे बरेच महिने त्याने केला नाही, तिनेही नाही. वहिनी अधूनमधून चोरून खुशाली विचारते. काचेच्या पेटीत शेवटी बाजारातून आणलेला तसाच दुसरा कॅमेरा ठेवला, असं तिच्याकडूनच कळलं. पोस्टमास्तर म्हणे त्याकडे बोट दाखवून फार छान सांगतात.