होडीचं लाकूड आणि नवा रंग

मित्रांनो, मी बाक आहे, जुना आहे आणि रागीट आहे. शाळेतल्या वस्तू आपली गोष्ट सांगायला लागल्या की गोड गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या जिवाची आग आग झाली होती. ती कशी शांत झाली, ते सांगतो.

मी जन्माने होडी. पाचूबंदरच्या सेबेस्टियन कोळ्याच्या होडीच्या फळ्या म्हणजे मी. अस्सल सागवान. होडी किनाऱ्यावर ओढली की खाऱ्या पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून तो मला माशाचं तेल चोळायचा. वर्षानुवर्षं ते तेल माझ्या अंगात मुरलं. सेबेस्टियन वारला, होडी मोडीत निघाली. तेव्हा त्याच्या बायकोने, मॅग्डलीनने, चांगल्या फळ्या बाजूला काढल्या आणि जवळच्या गिरीज गावच्या सुताराकडून मला घडवून घेतलं. माझ्या पाठीवर 'सेबेस्टियनच्या स्मरणार्थ' अशी अक्षरं कोरून तिने मला किल्ल्याकडच्या सरकारी शाळेला देऊन टाकलं.

सुरुवातीला माझा काय थाट होता. पाहुणे आले की आधी माझी आठवण व्हायची. मुलं माझ्यावर बसायला भांडायची. पुढे माझा एक पाय डुगडुगायला लागला आणि मला पाचवीच्या वर्गात मागे ढकललं. बाकीचे बाक तर केव्हाच मोडून अडगळीच्या खोलीत पडले होते. वर्ग फरशीवर बसायचा. माझ्यावर बसायची एकटी प्रीतल, मॅग्डलीनची नात. स्कूटरवरून पडल्यापासून तिचा गुडघा वाकत नव्हता. तिला खाली बसताच येत नसे. मी होतो म्हणून ती शाळेत होती.

एके दिवशी मुख्याध्यापक हिरामण सरांनी पालकांच्या सभेत सांगितलं की नव्या बाकांसाठी सरकारी पैसे आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, बाकांचा पत्ता नाही. मॅग्डलीन नातीला सोडायला आली की विचारायची. सर म्हणायचे, "काम चालू आहे, आजी."

"मंग किती आले, कुठं गेले, ते सांगा की."

"ते शासकीय असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"घरपट्टी घेताना कोन विचारीत नाय, आजी तुला कळते का म्हनून," ती म्हणाली. सर हसले आणि आत निघून गेले. त्या हसण्याचा मला फार राग आला.

पुढच्या सुट्टीत ठेकेदार विपुलशेठची माणसं आली. खोलीतले मोडके बाक बाहेर काढले, खिळे ठोकले. मलाही ओढलं, डुगडुगत्या पायात दोन खिळे ठोकले. माझ्या पाठीवरच्या अक्षरांत पुट्टी भरून टाकली आणि वरून तपकिरी रंगाचा जाड हात मारला. मित्रांनो, तुमच्या बापाचं नाव कुणी असं बुजवलं तर तुम्हाला काय वाटेल? आम्हा म्हाताऱ्यांना रांगेत उभं करून विपुलशेठ म्हणाला, "झाले नवे."

सोमवारी प्रीतल आली. "उद्घाटनाचा कार्यक्रम होईपर्यंत नव्या बाकांना हात लावायचा नाही," असं तिला सांगण्यात आलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मधल्या सुट्टीपर्यंत पाय सुजला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायचीच बंद झाली. मी रिकामा, ती घरी. तेव्हा मी ठरवलं की यांना सोडायचं नाही.

बाकीच्यांचा रंग वाळला. माझा वाळेना. तेल प्यायलेलं लाकूड रंग धरत नाही, हे कोळ्याच्या पोराला विचारलं असतं तरी कळलं असतं. रंगारी म्हणाला, "शेठ, हा चिकट लागतोय." शेठ म्हणाला, "वरून पावडर मार."

कार्यक्रमाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले, पांढराशुभ्र शर्ट घालून. सगळ्यांत मजबूत म्हणून त्यांना माझ्यावरच बसवलं. मॅग्डलीनही नातीला घेऊन आली होती, निदान आज तरी जागा मिळेल म्हणून. हिरामण सरांनी पारदर्शक कारभारावर लांबलचक भाषण केलं. ऊन तापलं. साहेब आरामात मागे रेलले. रेला, म्हटलं, अजून रेला.

भाषणासाठी उठायची वेळ आली आणि साहेब उठेनात. सरांनी एक हात धरला, शेठने दुसरा. चर्रकन आवाज झाला. माझ्या पाठीवरचा रंग पुट्टीसकट साहेबांच्या शर्टावर गेला आणि माशाच्या तेलाचा वास मांडवभर सुटला. मॅग्डलीनने तो वास ओळखला. ती पुढे आली, माझ्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं.

"हा माझ्या सेबेस्टियनच्या होडीचा बाक हाय. नवा कसा झाला?"

"चुकून एक जुना आला असेल," विपुलशेठ म्हणाला.

पालकांनी मग एकेक बाक उलटा केला. वरून नवे, खालून सगळे जुनेच. खालच्या बाजूला रंग द्यायचीही कुणी तसदी घेतली नव्हती. कुठे वाळलेलं च्युइंगम, कुठे जुन्या मुलांची नावं.

"आता हिशेब इथंच सांगा," मॅग्डलीन म्हणाली. "मोठ्यानं. आमच्या बंदरावर मासळीचा भाव कोन कानात सांगत नाय."

साहेबांनी आपल्या पाठीला हात लावून पाहिला, हिशेबाची फाईल मागवली आणि सरांना म्हणाले, "वाचा." सर घाम पुसत वाचत होते. प्रत्येक आकड्याला त्यांचा आवाज खाली जायचा आणि पालक म्हणायचे, मोठ्याने. मला आनंद झाला का? भरपूर झाला. त्याची मला लाज वाटत नाही.

पंधरवड्यात खरे बाक आले. प्रीतल खिडकीजवळच्या बाकावर बसते. मला भंगारात काढायचं ठरत होतं, पण मॅग्डलीन अडून बसली. तिच्या सांगण्यावरून मला मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवलंय, त्यांच्या टेबलासमोर, अक्षरं त्यांना दिसतील असा तिरका. त्यांनी मला हलवायचं दोनदा बोलून पाहिलं. पालक ऐकत नाहीत.

मित्रांनो, मला पुसू नका, रंग तर मुळीच देऊ नका. माझी काळजी घ्यायचीच असेल तर आईबापांना घेऊन या, माझ्यावर बसा आणि शाळेला किती पैसे आले, कुठे गेले, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मी आता डुगडुगत नाही.