विशीतला अंगठा

तरणतलावाच्या दाराशी बसणाऱ्या रखवालदाराला बाबा 'कोतवाल' म्हणत. आत जाणाऱ्या प्रत्येकाची पावलं तो चष्मा नाकावर ओढून तपासायचा. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं पिवळं, जाड, कडेने भुगा होत चाललेलं नख पाहून त्याने सरळ सांगितलं, "काका, ही बुरशी. नख साफ दिसल्याशिवाय पाण्यात पाय नाही."

बाबा तोंड पाडून घरी आले. आई गेल्याला सात महिने झाले होते, आणि तेव्हापासून ते उंबरठा ओलांडत ते फक्त या तलावासाठी. पोहणं कमी, गप्पा जास्त. पण परतताना त्यांना भूक लागलेली असायची. मुलीला तेवढं पुरे होतं. तिने कंबर कसली.

डॉक्टरांनी बाबांची साखर तपासली, ती ठीक निघाली. "घरी करून बघा," ते म्हणाले. "व्हिनेगरने काहींना गुण येतो, काहींना नाही. पाय मात्र कोरडे ठेवा, आणि घाई नको. अंगठ्याचं नख पुरतं नवं यायला दीड वर्षही लागतं."

हा आकडा तिने बाबांना सांगितला, तिथेच घोटाळा झाला.

रोज सकाळी टबात एक भाग व्हिनेगर, दोन भाग कोमट पाणी, पंधरा मिनिटं. मग बोटांच्या बेचक्यांपर्यंत टिपून घ्यायचं. सुती मोजे, बूट उन्हात, नेलकटर वेगळं.

"अगं मास्तरीणबाई, मला मुरत घातलंयस का?"

"अजून चार मिनिटं."

"तुझी आई असं छळायची नाही."

"म्हणूनच ही वेळ आली. गप बसा."

नवव्या दिवशी चमत्कार झाला. नख गुलाबी, गुळगुळीत, मुळाशी पांढरी चंद्रकोरसुद्धा! मुलगी हरखली. ऑफिसातल्या दोघींना तिने प्रमाण लिहून दिलं. खालच्या मजल्यावरच्या काकू तर रिकामी बाटली घेऊनच वर आल्या. बाबा मान खाली घालून सगळं ऐकत होते. तिला वाटलं, लाजतायत.

दुसऱ्या दिवशी तीही कौतुकाने त्यांच्याबरोबर तलावावर गेली. कोतवाल वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

"काका, बाकीची नऊ नखं सत्तरीची आहेत."

"बरं, मग?"

"मग हा विशीतला अंगठा कुणाचा आणलात?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला तो माणूस आभाळाकडे बघत होता.

"ऑइलपेंट?" तिने विचारलं.

"दोन हात," बाबा म्हणाले. मग त्यांना राहवेना. "चंद्रकोर मात्र एका फटक्यात."

"अहो, रंगाखाली ओल कोंडते! बुरशीला घर बांधून दिलंत तुम्ही. आणि काकूंना मी आता काय तोंड दाखवू?"

कोतवालाने मान हलवली. "नियम म्हणजे नियम."

"म्हणजे दीड वर्ष मी घरात बसू?" बाबा हळूच म्हणाले.

कोतवाल त्या चंद्रकोरीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने भिंतीकडे बोट केलं. तलावाच्या नियमांची भलीमोठी पाटी तिथे होती, अर्धी अक्षरं उडालेली. "ही रंगवाल? कोरड्यात उभं राहून, बूट घालून. पाण्याजवळ फिरकायचं नाही."

बाबा पाटीपाशी गेले. ओठ हलवत, बोटाने हवेत ओळी ओढत त्यांनी अक्षरं मोजली. दोनदा मोजली.

"दिवसाला एक अक्षर," ते परत येऊन म्हणाले. "त्याहून घाई केली की काम बिघडतं."

"काका, पाचशेच्या वर अक्षरं असतील त्यात!"

"पाचशे चाळीस."

मुलीने मनातल्या मनात तिसाने भागलं आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

"स्वल्पविराम वेगळे," बाबा म्हणाले.