उजवीकडून येणारी चिठ्ठी

चंडाचा, म्हणजे नव्या चंद्रकोरीचा सत्संग आम्हा सिंध्यांकडे हाँगकाँगमध्ये, चिमसाचुईतल्या गोपी अदींच्या, म्हणजे गोपीताईंच्या, नवव्या मजल्यावरच्या घरी भरतो. सोफे भिंतीला सरकवतात, मधे पांढरी चादर घालतात, कोपऱ्यात झूलेलालची, आमच्या लाल साईंची, तसबीर. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून हातभर समुद्र दिसतो. पाण्याच्या देवाला तेवढा पुरतो.

भजनं झाली की पल्लव, म्हणजे देवापुढे पदर पसरून मागणं. बायका ओढणीचा पदर पसरतात, पुरुष रुमाल. रुमाल विसरलेल्या एकानं मागं टायचं टोक पसरलं होतं. त्याचंही काम झालं. मात्र आपल्यासाठी आपण तोंडानं मागायचं नाही, असा आमचा रिवाज. मागणं चिठ्ठीवर लिहून परडीत टाकायचं. पल्लव घेणारा ते मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे म्हणतात, "बेडा ई पार!" म्हणजे होडी पैलतीरी लागो.

त्या दिवशी पल्लव माझ्याकडे आला. नेहमी वाचणारे लोकूमल दादा डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसरा पूर्वीपासूनच नावापुरता.

माझ्या नवऱ्याला, नानिकला, टोरांटोत नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं निघणार आणि माझ्या सासूबाई, अम्मां, नणंदेकडे मनिलाला जाणार, असं ठरलं होतं. नानिकनं हे सांगितलं तेव्हा अम्मां कोकी लाटत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि लाटत राहिल्या. अकरा कोक्या झाल्या. खाणारे आम्ही तिघं. मला जायचंय का, हे कुणी विचारलं नाही. मीही मला विचारलं नाही.

चिठ्ठ्या वाचत गेले. कुणाच्या मुलाचं लग्न, वासूचा गुडघा, कुणाच्या नातीचं गणित. बेडा ई पार, बेडा ई पार. शेवटची उघडली आणि थांबले. चिठ्ठी जुन्या सिंधी लिपीत होती, उर्दूसारखी, ठिपक्याठिपक्यांची. आमच्या पिढीला ती येत नाही. ती लिहिणारी दोनच माणसं आमच्यात उरलीत. एकाच्या डोळ्यावर पट्टी होती. दुसरी समोर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

"वाच ना, सुंदरी," गोपी अदी म्हणाल्या. "ताहिरीचा गोड भात गार होतोय."

मी सरकत सरकत दादांपाशी गेले आणि कानात अडचण सांगितली.

"माझ्या तळहातावर काढ," ते म्हणाले.

"मला येत नाही, दादा."

"वाचता येत नाही. रांगोळी येते ना? तशी काढ."

मी बोटानं काढू लागले. चाळीस माणसं पदर पसरून वाट बघत होती.

"उलटं काढतेयस. आपली अक्षरं उजवीकडून चालत येतात. तू त्यांना मागं ढकलतेयस."

मी पुन्हा काढलं.

"ठिपके किती?"

"तीन."

"नीट बघ. तीन आणि चारात फार फरक आहे."

"चार."

"हां."

"हात बघतेयस का त्यांचा?" वासू मागून ओरडला. "दादा, दुसरं लग्न आहे का नशिबात?"

"तुझं पहिलं बघून मी नको म्हटलं," दादा म्हणाले आणि हात पुन्हा पुढे केला.

एकेक शब्द त्यांच्या तळव्यावर उतरला. पुटपुटत ते जोडत गेले. मग माझ्या कानाशी वाकून त्यांनी सगळी चिठ्ठी सांगितली.

"हे मी कसं वाचू?"

"पल्लव घेतलास ना? पडेल ते वाचायचं. निवडायचं नाही."

मी जागेवर आले. ओढणी पसरली. टोकं गुडघ्यांखाली दाबली.

"लाल साईं," मी वाचलं, "पोरगा जातोय, त्याला जाऊ दे. थंडीत त्याचे कान जप. पोरगा मी पोटातून आणला, तो माझा राहिला नाही. सून मी वाजतगाजत दारातून आणली. तिला तरी माझ्यापाशी ठेव."

"बेडा ई पार!" चाळीस जण म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज नानिकचा. तो दाराशी उभा राहून फोनवर विमानांच्या वेळा बघत होता, आणि पल्लवाला न ऐकताच ओरडायची त्याला लहानपणापासून सवय.

मग एकेक मान अम्मांकडे वळली. गोपी अदी उठल्या आणि माझ्या ओढणीत मूठभर बत्तासे टाकून ताहिरी वाढायला गेल्या.

मी अम्मांशेजारी जाऊन बसले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"रागावलीस?"

"तुमचं अक्षर फार वाईट आहे."

"माझं अक्षर चांगलं आहे. तुला वाचता येत नाही. शिकायला वर्षभर लागतं."

"लागू दे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पदरातला एक बत्तासा उचलला आणि तोंडात टाकला.

तेवढ्यात नानिक ताहिरीची प्लेट घेऊन आला. वासू त्याला मिठी मारून गेला होता आणि दोन काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

"सगळे मला मोठ्या मनाचा का म्हणतायत?" त्यानं विचारलं.

"आधी जेव," अम्मां म्हणाल्या.