निळ्या पट्टीचे बटाटे

वीबकेने पहिला उकडलेला बटाटा सोलायला घेतला आणि साल निघायच्या आतच तळहातावर त्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याचंही तेच. तिसरा तर बोटांमधून सरळ खालच्या पातेल्यात गळून पडला. तिने ओट्यावरची रिकामी पिशवी सरळ करून पाहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"एबरहार्ड, इकडे ये जरा."

तिचा नवरा हातात नाताळच्या झाडाच्या मेणबत्त्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ही पट्टी कुठल्या रंगाची आहे?"

"निळी."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"हिरवी. पण हिरव्या पट्टीचे संपले होते गं. सगळं गाव आज दुकानात उतरलं होतं. म्हटलं, बटाटे ते बटाटे."

"बटाटे ते बटाटे? या गावात जन्मलास ना तू? शेंबड्या पोराला विचार. निळे कुस्करायला, हिरवे सॅलडला."

"मग आता काय करायचं?"

"माझं डोकं घाल त्यात."

एबरहार्डने एकदा पातेल्यात, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मेणबत्त्या घेऊन गुपचूप निघून गेला. भांडण अंगावर आलं की झाडाआड जायची त्याची सवय जुनीच होती.

दुकानं दुपारीच बंद झाली होती आणि आता सण सरल्याशिवाय उघडणार नव्हती. शेजारच्या हिल्डेगार्डच्या तळघरात चांगल्या बटाट्यांची गोणी असणार, हे वीबकेला ठाऊक होतं. पण तिच्याकडे मागायला जायचं म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच गावभर बोभाटा. उत्तरेकडची सून ती, केस पिकले तरी तिला बटाटे कळत नाहीत. त्यापेक्षा लगदा खाल्लेला परवडला.

वीबके उत्तर जर्मनीतल्या समुद्रकाठची. लग्न होऊन दक्षिणेकडच्या या श्वाबेनच्या डोंगरात आली आणि गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडता फाडता म्हातारपणाला लागली. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात तिने मोठ्या हौसेने माहेरचं बटाट्याचं सॅलड केलं होतं, मेयोनेज घातलेलं, सफरचंदाच्या फोडी टाकलेलं. सासूबाई पाउलीना यांनी त्या पांढऱ्या ढिगाकडे पाहून विचारलं होतं, "हे खायचं, की टाचांच्या भेगांना लावायचं?" सगळे पोट धरून हसले होते. वीबकेही हसली होती आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली होती.

त्यानंतर दर नाताळला ती इथल्यासारखंच सॅलड करत आली. बटाटे गरम असतानाच बोटं भाजून घेत सोलायचे, पातळ चकत्या करायच्या, त्यावर व्हिनेगर आणि हाडांचा कढत रस्सा ओतायचा, तेल अगदी शेवटी. चकती मोडता कामा नये आणि ढवळताना चपचप वाजलं पाहिजे. सासूबाई मागे उभ्या राहून तो आवाज ऐकायच्या. मग जेवताना एक घास चावून म्हणायच्या, "खाता येईल." एवढंच. हिल्डेगार्ड म्हणायची, अगं, आमच्याकडे कुणी नावं ठेवली नाहीत म्हणजे कौतुकच समज. पण वीबकेचं तेवढ्याने कधी भागलं नाही. 'छान झालंय' एवढे दोन शब्द म्हणायला म्हातारीच्या बापाचं काय जात होतं, हा प्रश्न तिला दर नाताळला पडायचा.

आणि हा नाताळ शेवटचा होता. नवं वर्ष लागलं की पाउलीनाबाई वृद्धाश्रमात जाणार होत्या. हिवाळा लागल्यापासून त्यांचं जेवण चिमणीएवढं झालं होतं. एखाद्या दिवशी त्या सुनेला ओळखायच्या, एरवी त्यांना ती अंघोळ घालायला येणारी नर्स वाटायची. आज त्यांनी पोटभर जेवावं आणि एकदा तरी चांगलं म्हणावं, एवढ्यासाठी वीबकेने कालपासून मंद आचेवर रस्सा उकळला होता. आणि नवऱ्याने आणले काय, तर निळ्या पट्टीचे.

तरीही तिने चकत्या करायचा प्रयत्न केला. सुरीखाली त्यांचा भुगा होत गेला. वर रस्सा ओतला, तर तो सगळा पिऊन बटाटे फुगले आणि पार खिमट झालं. चपचप राहिली बाजूला, चमचा नुसता रुतून बसला. तिने तो उपसून ओट्यावर आपटला आणि चेहरा धुवायला न्हाणीघरात गेली.

परत येते, तर सॅलडसोबतची सॉसेज ज्यात मंद आचेवर ठेवली होती, ते पाणी चुलीवर खदखदतंय.

"कुणी वाढवला जाळ?"

"मी," बाहेरच्या खोलीतून एबरहार्ड म्हणाला. "म्हटलं, तुला तेवढीच मदत."

सॉसेजना गरम होईस्तोवर नुसतं कढत पाण्यात पडू द्यायचं असतं. उकळी फुटली की तीही फुटतात. सगळीच्या सगळी उभी चिरली होती आणि आतला मसाला पाण्यावर तरंगत होता. वीबकेला रडू फुटलं, निव्वळ संतापाचं. इतकी वर्षं रांधलं आणि शेवटच्या दिवशी ताटात काय, तर लगदा आणि चिंध्या.

तरी तिने टेबल मांडलं. पाउलीनाबाईंना काळा लोकरी झगा घातला, केस विंचरले आणि आणून बसवलं. झाडावरच्या मेणबत्त्या तेवढ्या सुंदर दिसत होत्या. फुटक्या सॉसेजचे बारीक तुकडे करून तिने सासूच्या ताटात घातले, बाजूला तो लगदा वाढला आणि स्वतःच्या ताटाकडे बघत बसली. आज 'खाता येईल' एवढंही निघालं तरी पुष्कळ, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

नुसता चमच्याचा आवाज येत होता. वीबकेने मान वर केली, तर सासूबाईंचं ताट चाटूनपुसून साफ झालेलं.

"अहो ताई," पाउलीनाबाई म्हणाल्या, "कुणी केलंय हे?"

"का हो, आई?"

"छान झालंय. मऊ. रस्सा कसा आतपर्यंत मुरलाय."

वीबकेने आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली ते शब्द आले, आणि आले ते असल्या लगद्यावर.

म्हातारी तिच्याकडे झुकली आणि हळू आवाजात सांगू लागली. "आमच्या सुनेला नाही हो जमत. बिचारी मरमर मरते, पण तिच्या हाताला चव नाही. तिचे बटाटे कडक राहतात. मी कधी तोंडावर बोलले नाही तिला. म्हटलं, लांबून आलीय पोर, माहेर दूर. तुम्ही शिकवाल का तिला?"

"आई, अगं ही तर..." एबरहार्डने तोंड उघडलं.

वीबकेने टेबलाखाली त्याच्या पायावर सणसणीत टाच मारली. तिला हसावं की ताट भिरकावून द्यावं, कळेना. क्षणभर सगळी वर्षं एकदम अंगावर आल्यासारखी झाली. मग तिने चमचा उचलला.

"शिकवते," ती म्हणाली. "आणखी वाढू?"

"वाढा. पण सगळं संपवू नका हं. तिला ठेवा थोडं. तलावावरून दमून येईल ती आत्ता."

वीबकेने सासूच्या ताटात भरपूर वाढलं. मग उठून फडताळातून एक बशी घेतली, तीत दोन चमचे सॅलड आणि सॉसेजचा एक तुकडा काढला, वर दुसरी बशी पालथी घातली आणि गार होऊ नये म्हणून ती चुलीशेजारी नेऊन ठेवली.