सममितीतला एक म

तालुक्याचं नाव सांगत नाही. दारव्हा नाही आणि घाटंजीही नाही, एवढं पुरे. बाकी यवतमाळ जिल्ह्यात कुठेही बोट ठेवा, माझी हरकत नाही. १९६३ साली मी तिथल्या पंचायत समितीत आवक-जावक कारकून होतो. समिती दीड वर्षाची होती. तेवढ्यात तिने पाणी समिती, रस्ता समिती, बांधकाम समिती आणि या तिन्ही समित्यांनी काय केलं ते पाहायला चौथी समिती, एवढी प्रगती केली होती. पाणी आणि रस्ता तेवढे यायचे होते.

त्या नोव्हेंबरात खेमसिंग आडे गुरुजींचा अर्ज आला. बंजारा तांड्यातला पहिला बी.एस्सी. झालेला माणूस, आणि आम्ही त्याला सातवीला अपूर्णांक शिकवायला ठेवलं होतं. सहा वर्षं खपून त्यांनी एक निबंध लिहिला होता. नागपूरच्या एका विज्ञान मंडळाने तो वाचायला बोलावलं होतं, म्हणून डिसेंबरच्या वीस-एकवीस तारखेची रजा हवी होती. निबंधाचं नाव ‘सममितीभंग आणि प्रकाशाहून वेगवान प्रवास’. सोबत दोन पानी सारांश. त्यात ठळक लिहिलं होतं: ‘प्रत्येक सममिती एक गोष्ट अक्षय्य राखते. सममिती मोडल्यावाचून कोणालाही प्रकाशाच्या पुढे जाता येणार नाही.’

सभापतींपुढे ठेवायला मी सारांशाच्या पहिल्या पानाची स्वच्छ प्रत काढली. ‘सममिती’ हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. ‘समिती’ मात्र दिवसातून शंभरदा लिहीत होतो. शिक्षक माणूस एकच चूक पाच वेळा करतो, याचं मला हसू आलं. मोठ्या मनाने मी पाचही ठिकाणचा जास्तीचा ‘म’ काढून टाकला.

सभापती भगवानरावांनी ती प्रत बैठकीत मोठ्याने वाचली.

“समितीभंग! आन हे ऐका, ‘प्रत्येक समिती एक गोष्ट अक्षय्य राखते.’ कोनती गोष्ट? कोनं सांगतलं याले?”

सभासद एकमेकांकडे पाहू लागले. बांधकाम समितीने तर छताकडे पाहिलं.

“हा प्रकाश कोन व्हय?” एकाने विचारलं. “त्याच्या पुढं जायले आपली समिती कायले मोडा लागते?”

गुरुजींना नोटीस गेली: समिती मोडण्याची भाषा केल्याबद्दल नोकरीवरून का काढू नये? सुनावणी सोळा डिसेंबरला. नोटीस अर्थात मीच लिहिली, आणि लिहिता लिहिता सारांशाचं दुसरं पान पहिल्यांदाच वाचलं. सममिती म्हणजे वस्तू फिरवली, सरकवली, तरी जशीच्या तशी राहणं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. चूक कबूल करावी, असं अगदी क्षणभर वाटून गेलं. मग मी मूळ अर्ज सारांशासकट उकंडा शिपायाच्या चहाच्या चुलीत घातला. ऊर्जा नष्ट होत नाही म्हणतात ते खरं आहे. त्या अर्जावर अर्धा कप चहा गरम झाला आणि तो मीच प्यायलो.

सुनावणीला गुरुजी नवा सदरा घालून आले. नागपूरसाठी आईने शिवून घेतलेला सदरा त्यांनी आमच्यापुढे घालून टाकला.

“साहेब, शब्द सममिती हाय,” ते शांतपणे म्हणाले. “निसर्गाचे नियम आज जसे, तसेच उद्या. ही काळाची सममिती. ते हाय म्हणून ऊर्जा तेवढीच राह्यते. इथं जसे नियम, तसेच नागपुरात, म्हणून वस्तूची गती आपोआप बदलत नाही. मले वाटते, प्रकाशाच्या वेगाची हद्द बी अशाच एका सममितीनं राखली हाय. ते कुठं मोडली असन, तर तिथं हद्द राह्यनार नाही. बस, एवढंच म्हनलं मी.”

“नियम इथं आन नागपुरात सारखे?” भगवानराव हसले. “गुरुजी, तुमी सचिवालय पाह्यलं नाई वाटते. बरं, मूळ अर्ज कुठं हाय?”

सगळे माझ्याकडे वळले. “सापडत नाही, साहेब,” मी म्हणालो.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, “माह्याच हातून ‘म’ राह्यला असन.”

चूकही अक्षय्यच असते. ती नाहीशी होत नाही, माझ्या अंगावरून त्यांच्या अंगावर गेली इतकंच. सभापती एकदम प्रसन्न झाले. निष्काळजी लेखनाबद्दल सेवापुस्तकात तंबी लिहायचं ठरलं. रजेचा विचार पुढच्या बैठकीत होणार होता. पुढची बैठक आठ जानेवारीला झाली.

रजा मंजूर झाली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने. वीस-एकवीस डिसेंबरला गुरुजी वर्गात फळ्यापुढे उभे होते, हे चाळीस पोरांनी पाहिलं होतं. पण आदेशाप्रमाणे ते नागपुरात होते. माणूस निघण्याआधीच त्याला पोचवून परत आणायचं काम आमच्या समितीने अशा रीतीने जागेवर बसून केलं, आणि तेही स्वतः न मोडता.

आदेश द्यायला मीच तांड्यावर गेलो. गुरुजींनी तो दोनदा वाचला.

“म्हंजे मी जाऊन आलो,” ते म्हणाले. “सांगा मंग बाबूजी, कसा झाला माहा निबंध? लोकं काय म्हनले?”

मंडळाचं कार्ड त्यांनी दाखवलं. आपण न आल्याने वेळ दुसऱ्या वक्त्यास दिला, पुन्हा बोलावणे शक्य नाही, असं त्यावर होतं. मग त्यांनी पेटीतून एक कागद काढला. अर्जाची आणि सारांशाची कार्बन प्रत. पाचही ‘म’ जागच्या जागी.

“हे त्या दिवशी खिशातच होती,” ते म्हणाले.

“काहून नाई दाखवली?”

“एवढ्या थंडीत तुमी लय घाम पुसून राह्यलते.”

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. “आता गेली ते तारीख. पन हे फायलीले लावून द्या. तंबी तरी निंघन.”

मी हो म्हणालो. पुढे आठ वर्षं ते माझ्या कचेरीसमोरच्या शाळेत अपूर्णांक शिकवत होते, दिसले की नमस्कार करत, आणि कागदाचं कधी विचारलं नाही. मी तो फायलीला लावला नाही.